जुन्या स्पेक्ट्रमच्या कॅसेटची कॉपी होत नाहीये

महालातला_पोरगा: माळ्यावर बाबांचा झेडएक्स स्पेक्ट्रम (ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, गेम कॅसेटवरून लोड व्हायचे) सापडला, सोबत १५-२० कॅसेट. बुरशी लागायच्या आत बॅकअप घेतो म्हणून लॅपटॉपवर टॅप फाईल (कॅसेटवरच्या डेटाची डिजिटल कॉपी) बनवल्या, काही चालतात पण दोन-तीन गेम अर्ध्यात रिसेट होतात. कॅसेट खराब का कॉपी होऊ नये म्हणून टाकलेलं प्रोटेक्शन?

जुना_किडा: प्रोटेक्शनच असंल भाऊ. साधं लोडिंग साधारण १५०० बॉडनं, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट, चालते, पण बऱ्याच कंपन्या स्वतःचा टर्बो लोडर, म्हणजे जास्त वेगानं लोड करणारा कोड, टाकायच्या, स्पीडलॉकसारखा, आणि टॅप फाईलमधे फक्त साधे ब्लॉक बसतात. टीझेडएक्स प्रकारची फाईल बनव, त्यात कॅसेटवरच्या सिग्नलच्या पल्सची लांबी पण साठवता येते. आम्ही तर डबल डेकवर कॅसेट टू कॅसेट मारायचो, सिग्नलच उतरवायचा म्हटल्यावर लोडर कोणता का असेना, पण कॉपीची कॉपी केली की संपलं. गोंगाट आणि स्पीडचा डुलकावा इतका वाढते की लोडच होत नाही.

बर्डी_बाईट: आधी कॅसेटच्या आवाजाची वेव्ह फाईल रेकॉर्ड करून ठेव बे, बाकीचं नंतर. आणि टेपच्या हेडचा (कॅसेट वाचणारा भाग) छोटा स्क्रू हळूच फिरवून आवाज जास्तीत जास्त चिरका येईल तिथं थांब, अर्ध्या एरर तिथंच जातात.

जुना_किडा: हो, ते राहिलंच. मल्टिफेस वन नावाचं स्पेक्ट्रमला जोडायचं यंत्र पण होतं, लाल बटन दाबलं की मेमरी जशीच्या तशी सेव्ह. लेव्हलनुसार लोड होणाऱ्या गेमला मात्र उपयोग नाही त्याचा.

महालातला_पोरगा: स्क्रू फिरवला, एक चालला!! बाकीचे रविवारी, आता आई ओरडून राहिली त्या चिरक्या आवाजानं