सल्ला हवाय: जुन्या प्राणीशास्त्राच्या पुस्तकांतले मत्स्यमानव, कुठून सुरुवात करू?

निशिगंधा: सोळाव्या शतकात युरोपात माशांची जी मोठी पुस्तकं निघाली त्यात खऱ्या माशांच्या शेजारी मत्स्यमानव पण छापलेत असं कळलंय आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना. लॅटिन येत नाही, इंग्रजी चालेल. चित्रं बघायला मिळाली तर फारच भारी.

खलाशी: समुद्रभिक्षूपासून कर गं, म्हणजे भिक्षूसारखा दिसणारा समुद्रातला जीव. डेन्मार्कजवळ १५४०च्या दशकात काहीतरी सापडलं, त्याचं चित्र हातोहात फिरत राहिलं. फ्रान्सातल्या माँपेलिएच्या राँदले या डॉक्टर-प्राणीअभ्यासकाला ते नावारच्या राणी मार्गारीतकडून मिळालं, त्याने १५५४ला छापलं, मग १५५८ला झुरिकच्या गेस्नरने आपल्या प्राण्यांच्या पुस्तकात उचललं. चित्र नीट बघ, तुळतुळीत टाळू, खांद्यावरून झग्यासारखं काहीतरी आणि खाली खवले. एकोणिसाव्या शतकातला डॅनिश प्राणीशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप म्हणाला हा राक्षसी स्क्विड, अलीकडे काहींना एंजलशार्क (चपटा शार्क) वाटतो, मलाही तेच पटतं कारण त्याचे रुंद पर खरंच झग्यासारखे पसरतात. आणि ही माणसं भोळी होती असं अजिबात समजू नकोस. पुस्तकात शेजारीच छापलेल्या समुद्रबिशपबद्दल (बिशपसारखा दिसणारा तसाच जीव) राँदले स्पष्ट लिहितो की मिळालं तसं छापतोय, खरं-खोटं मी ठरवत नाही. गेस्नरने तर वाळवलेल्या पाकट मासळीला कापून-वळवून राक्षस बनवणाऱ्यांपासून सावध केलंय!

अवलिया: +१. नंतर रेनार्डचं १७१९चं माशांचं पुस्तक बघच, बीएचएल (बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी) या ऑनलाइन ग्रंथालयावर फुकट आहे. अंबोन भागातली (आजचं इंडोनेशिया) रंगीत जलपरी त्यात आहे, टबात चार दिवस सात तास जगली, काही खाल्लं नाही म्हणे. रंग इतके भडक की मासेही खोटे वाटतात, पण त्यातले बरेच मासे ओळखता येतात.

खलाशी: आपल्या बाजूचा धागा पण आहे. १५६०ला श्रीलंकेच्या मन्नारजवळ जाळ्यात जलपरीसारखे जीव सापडले आणि गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा डॉक्टर दिमास बॉस्क याने चिरफाड केली, रचना माणसाशी जुळते असा त्याचा निष्कर्ष जेझुइट मिशनऱ्यांनी नोंदवलाय. ते डुगाँग (समुद्रगाई) असणार, मन्नारच्या आखातात ते अजून आहेत, मादीचे स्तन पुढच्या वल्ह्यासारख्या पायांच्या काखेत असतात त्यामुळे असं वाटणं अगदी समजण्यासारखं आहे.

निशिगंधा: हे भन्नाट आहे!! बॉस्कचं स्वतःचं लिखाण कुठे मिळेल?

खलाशी: गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज डॉक्टरचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक, गोव्यातच १५६३ला छापलेलं, त्याच्या सुरुवातीला वाचकांसाठी बॉस्कचं पत्र आहे. जलपरीचा विषय त्यात नाही, पण माणूस कळेल. आधी गेस्नरची चित्रं मात्र बघून घे.