घरी सायकल दुरुस्तीसाठी कोणती हत्यारं घ्यावीत? (बजेट 5000 रुपये)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. घराखाली पार्किंगचा एक कोपरा रिकामा आहे, तिथे भिंतीला फळी ठोकून सायकलींसाठी छोटंसं वर्कशॉप करायचं ठरवलंय. घरात तीन सायकली आहेत. वडिलांची जुनी काळी 22 इंची फ्रेमची, रॉड ब्रेकवाली, अजून रोज दूध आणायला जाते. माझी हायब्रिड: पुढे 3, मागे 8 गिअर, व्ही-ब्रेक. आणि मुलीची 20 इंची, बिनगिअरची.

पंक्चर काढता येतं, ब्रेकची केबल ताणता येते. आता त्यापुढचं शिकायचंय: चेन बदलणं, चाकाचा आउट (वाकडेपणा) काढणं, हब (चाकाचा मधला भाग) उघडून ग्रीस भरणं. ऑनलाइन चाळीसेक वस्तूंची तयार पेटी मिळते, ती घ्यावी की एकेक हत्यार सुटं? स्वस्तातलं कुठे चालेल आणि कुठे अजिबात चालणार नाही, हे वापरणाऱ्यांकडून ऐकायचंय. राहायला नाशिकला.

घाटमाथा
पेटी घेऊ नका. तिच्यात बऱ्याच वस्तू अशा असतात ज्या तुमच्या तिन्हीपैकी एकाही सायकलला बसणार नाहीत, आणि ज्या रोज हातात येतात त्या अ‍ॅलन कीच (षटकोनी भोकाच्या बोल्टचे पाने) नेमक्या मऊ लोखंडाच्या असतात. अ‍ॅलन कीची कड गोल झाली की बोल्टचं भोकही गोल होतं, आणि मग तो बोल्ट काढायला ड्रिल लागतं. म्हणून पहिला चांगला पैसा तिथे घाला. 2 ते 8 मिमीचा सेट, लांब दांड्याचा, एका टोकाला गोळी असलेला. गोळीचं टोक फक्त बोल्ट भराभर फिरवायला; शेवटचा पीळ नेहमी सपाट टोकाने. तुमच्या हायब्रिडवर 5 मिमी सगळ्यात जास्त लागेल: ब्रेक शू, ब्रेकची केबल, मागच्या डिरेलरची (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाची) केबल, बहुतेक ठिकाणी तोच. यासाठी बाहेरगावी जायला नको. टापरियाचा कारखाना तुमच्या सातपूरलाच आहे, गावातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात त्यांचे सेट मिळतील.

दुसरं, 15 मिमीचा पेडल पाना. साधा 15चा पाना पुष्कळदा पेडल आणि क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) फटीत मावत नाही, जाड पडतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे ठाऊक असेलच. लक्षात ठेवायची सोपी रीत अशी: पाना पेडलवर सरळ वर उभा धरा. वरचं टोक पुढच्या चाकाकडे ढकललं तर घट्ट, मागच्या चाकाकडे ओढलं तर सैल. दोन्ही बाजूंना हेच.

तिसरं, चेन तोडायचं हत्यार. चौथं, केबल कटर. पक्कडीने केबल कापली की तारा फिसकटतात आणि ती आउटरमध्ये (बाहेरच्या नळीत) जातच नाही. कटर स्वस्तातला घेतला तर तोही तेच करतो, त्यामुळे इथे हात आखडू नका.

टायर लिव्हर, पॅच, सोल्यूशन, ब्रश, चिंध्या, ग्रीसचा डबा: यात मिळेल ते घ्या.

तेलपाणी
घाटमाथा यांना अनुमोदन. एक भर: चेन तपासायला गेज नाही घेतलं तरी चालेल, स्टीलची फूटपट्टी पुरते. पट्टीचा शून्य एका पिनच्या बरोब्बर मध्यावर ठेवा. नव्या चेनमध्ये 12 इंचाची रेघ दुसऱ्या एका पिनच्या मध्यावर येते. ती पिन रेघेच्या पुढे सव्वादोन मिमीच्या आसपास गेली असेल तर 8 स्पीडची चेन बदलायची वेळ झाली. त्यापुढे ओढत राहिलात तर चेन मागच्या चकत्यांचे दात खाते, आणि नवी चेन टाकली की जुन्या दातांवरून घसरते. मग सगळंच बदलावं लागतं. नवशिक्याने सगळ्यात आधी शिकावं असं हेच काम आहे.

चक्रधर_डोंबिवली
पेटीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. नामांकित कंपनीची मोठी पेटी महाग असते, पण तिच्यात सगळी सायकलचीच हत्यारं एका जागी मिळतात आणि काम करताना शोधाशोध होत नाही. ज्याच्याकडे एकाच प्रकारच्या दोन-तीन नव्या सायकली आहेत त्याने ती जरूर घ्यावी. गोदाकाठ यांच्याकडे मात्र तीन तऱ्हेच्या तीन सायकली आहेत, म्हणून त्यांनी सुटंच घ्यावं. मुंबईला येणं होत असेल तर नागदेवी स्ट्रीटवर एक दुपार काढा. पाने, कटर, व्हाइस (टेबलाला बसवायचा शिकंजा) सगळं हातात धरून, वजन बघून घेता येतं.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार, यादी फळीवर चिकटवतोय. आता तीन प्रश्न. मागच्या गिअरच्या चकत्या काढायला कोणतं हत्यार? दुकानदार विचारतो फ्रीव्हील की कॅसेट, ते कसं ओळखायचं? आउट काढायचा पाना कुठल्या मापाचा? आणि वडिलांच्या सायकलला यातलं काय चालेल?

घाटमाथा
चाक काढा, चकत्या उलट्या फिरवा आणि मधल्या खाचांच्या कड्याकडे बघा. ते चकत्यांबरोबर फिरलं तर कॅसेट (हबवर सरकवून बसवलेल्या चकत्या). चकत्या फिरताहेत आणि खाचा जागच्या जागी, तर फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसलेला चकत्यांचा गठ्ठा). 8 स्पीडमध्ये दोन्ही येतात, म्हणून आधी बघूनच घ्या. दोन्हींची हत्यारं दिसायला जुळी, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

कॅसेट निघाली तर सोबत चेन व्हिप (चेनचा तुकडा लावलेला दांडा) लागेल, कारण लॉकरिंग (कॅसेट आवळून धरणारं कडं) सैल करताना चकत्या धरून ठेवाव्या लागतात. फ्रीव्हील निघालं तर व्हिप नको, पण ताकद हवी. प्रत्येक पेडलागणिक ते आणखी घट्ट होत गेलेलं असतं. हत्यार व्हाइसमध्ये पकडा, चाक त्यावर ठेवा आणि मोटारीचं स्टिअरिंग धरावं तसं दोन्ही हातांनी डावीकडे फिरवा. सुरुवातीला एक्सलचा नट किंवा क्विक रिलीज हलका लावून ठेवा, म्हणजे हत्यार खाचांमधून उडत नाही. पहिला पीळ सुटला की तो काढून टाका. फळी ठोकण्याआधी व्हाइससाठी जड टेबलाची सोय करा असं मी म्हणेन.

आरेवाला
आउटबद्दल मी सांगतो, चाकं बांधणं हाच माझा छंद.

चारी बाजूंनी खाचा असलेला तो गोल पाना मुळीच घेऊ नका. त्याच्या खाचा ढिल्या असतात, पितळी निपलचे (आऱ्याच्या टोकाच्या नटाचे) कोपरे उडवतात. एकाच मापाचा, निपलला घट्ट बसणारा पाना घ्या. 3.23, 3.3 आणि 3.45 मिमी ही नेहमीची मापं. दुकानात जाताना चाकच घेऊन जा आणि बसवून बघा. बसवल्यावर जराही डुलता कामा नये.

ट्रूइंग स्टँड (आउट काढताना चाक धरायची घोडी) आत्ता नको. सायकल उलटी करा, ब्रेक शू रिमच्या जवळ आणा, तोच तुमचा काटा. रिम उजवीकडे झुकलेली असेल तिथे डाव्या फ्लँजचे (हबच्या कडेच्या चकतीचे) आरे पाव फेरा आवळा आणि उजवीकडचे तेवढेच सैल करा. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर कधीही नाही. प्रत्येक वेळी चाक फिरवून बघायचं. घाईने केलेला आउट दोन दिवसांत परत येतो.

हबसाठी कोन (छर्ऱ्यांवर आवळणारा शंकूसारखा नट) फिरवायचे पाने: पुढे बहुतेक 13 मिमी, मागे 15. हे पातळ असतात, त्यांनी दुसरं काही पिळू नका. छर्रे साधारणपणे पुढे 3/16 इंची, मागे 1/4 इंची. उघडलंच आहे तर छर्रे नवेच टाका, किंमत अगदी किरकोळ असते. कोन इतकाच आवळा की एक्सल बोटांनी गुळगुळीत फिरेल आणि खेळ राहणार नाही.

जुनी_सायकल
वडिलांच्या सायकलसाठी. अ‍ॅलन की तिथे कुठेच लागणार नाही. तिच्यावर जुने इंची नट असू शकतात. मिमीचा पाना जवळपास बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की सटकतो. गल्लीतल्या सायकलवाल्याकडे असतो तो अनेक भोकांचा चपटा पाना एक ठेवा, आणि एक चांगला अ‍ॅडजस्टेबल.

क्रँक कॉटर पिनने (पाचरीसारख्या खिळीने) धरलेली असते, तिथे हायब्रिडचा पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) उपयोगाचा नाही. पिन काढताना नट पूर्ण काढू नका. आट्यांच्या टोकापर्यंत सैल करून त्यावरच हातोडी मारा, म्हणजे पिनचे आटे वाचतात. क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवा, पिन त्याच्या पोकळीत उतरेल. असा आधार दिला नाही तर सगळा मार छर्ऱ्यांवर जातो.

पंपाचंही बघा. तिच्या ट्यूबला वॉलट्यूबचा (रबरी नळीचा) व्हॉल्व्ह असेल, हायब्रिडला बहुधा मोटारसायकलसारखा जाड. दोन्ही बसतील असा, मीटर असलेला उभा पंप घ्या. आणि वॉलट्यूबच्या रबराचे दोन तुकडे डब्यात असू द्या, हवा हळूहळू जात असेल तर बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

टायर 28 × 1½ मापाचा असेल. बाजूवर लिहिलेलं वाचूनच मागा, हल्लीच्या 700सी चाकाचा टायर त्यावर चढत नाही.

गोदाकाठ
आत्ताच खाली जाऊन चाक काढून बघितलं. चकत्या उलट्या फिरवल्या तर खाचा जागेवरच. म्हणजे फ्रीव्हील. चेन व्हिपचे पैसे वाचले, ते व्हाइसमध्ये घालतो. साधारण किती मोठा घेऊ?

घाटमाथा
4 इंची जबड्याचा पुरे, पण टेबलाला आरपार बोल्टने बसवा. नुसता क्लॅम्पने अडकवायचा छोटा व्हाइस फ्रीव्हीलच्या पिळाला टेबलासकट फिरतो. दुकानात फक्त शिमानोचं फ्रीव्हील हत्यार मागू नका, चाक सोबत न्या आणि खाचांत बसवूनच घ्या.

तेलपाणी
पावसाळा तोंडावर आहे म्हणून एवढं सांगून ठेवतो: सगळ्या हत्यारांवर पातळ तेलाची चिंधी फिरवून ठेवा, पार्किंगच्या ओलीत आठवड्यात गंज धरतो. चेन धुवायला डिझेल चालेल, पण रिम आणि ब्रेक शूपासून लांब. धुऊन पूर्ण वाळल्यावर प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून टाका.