म्हादई, दिल्ली आणि ‘सगळीकडे एकच पक्ष’

ताळगावकर

काल इथे म्हापशेकरांनी लिहिलं की गोव्याने राष्ट्रीय प्रवाहाबरोबर राहावं, सगळीकडे एकच पक्ष असला की म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटकाशी चाललेल्या तंट्यासारखे प्रश्न एका फोनवर सुटतात, आणि देशाचा दबदबा वाढला म्हणूनच ब्रिक्स आणि एससीओ या देशगटांच्या बैठका बाणावलीत झाल्या. वाचून गप्प बसवेना.

तारखाच बघू. जुलै 2019 ते मे 2023 या काळात दिल्ली, बंगळुरू आणि पणजी, तिन्हीकडे भाजप होता. म्हादईवर सगळ्यात जास्त घाव याच काळात पडले. ऑक्टोबर 2019 मध्ये केंद्रीय पर्यावरण खात्याने कळवलं की म्हादईच्या उपनद्यांचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाला पर्यावरण दाखला लागत नाही. गोव्यात बोंब झाल्यावर ते पत्र स्थगित ठेवलं. फेब्रुवारी 2020 मध्ये पाणीवाटपासाठी नेमलेल्या म्हादई लवादाचा निवाडा राजपत्रात आला. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाचा सुधारित प्रकल्प अहवाल मान्य केला. महिन्याभरात अमित शहा बेळगाव जिल्ह्यात सभा घेऊन सांगून गेले की गोव्याची संमती मिळवून हा तंटा सोडवला. मे महिन्यात तिथे निवडणूक होती.

कर्नाटकातून लोकसभेत 28 जण जातात, गोव्यातून 2. पक्षश्रेष्ठी कोणत्याही पक्षाचे असोत, हा हिशेब त्यांना पाठ असतो. मुख्यमंत्री पर्रीकरांसारखा वजनदार माणूसही यातून सुटला नाही. डिसेंबर 2017 मध्ये पिण्याच्या पाण्यापुरती तत्त्वतः तयारी दाखवणारं पत्र त्यांनी लिहिलं ते येडियुरप्पांना. येडियुरप्पा तेव्हा मुख्यमंत्री नव्हते, कर्नाटक भाजपचे अध्यक्ष होते. दोन राज्यांचा व्यवहार पक्षाच्या पत्त्यावर गेला, माझा सगळा राग तिथे आहे.

म्हापशेकर

अर्धीच यादी दिलीत. लवादाने गोव्याला 24 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं आणि कर्नाटकाला 13.42. त्यातलं खोऱ्याबाहेर न्यायला फक्त 3.9. हे आकडे का गाळले? जानेवारी 2023 मध्ये आपल्याच मुख्य वन्यजीव रक्षकांनी कर्नाटकाला काम थांबवायची नोटीस काढली, ती याच सरकारच्या काळात. निवाडा अमलात आणणाऱ्या ‘प्रवाह’ प्राधिकरणाचं कार्यालय पणजीत आलं, तेही याच काळात.

आणि दुसरी बाजू काय? 2023 पासून कर्नाटकात काँग्रेस आहे आणि कळसा-भांडुरा त्यांनाही तितकाच हवा आहे. काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष खर्गे कर्नाटकाचेच. गोव्यातला त्यांचा कोण पुढारी बंगळुरूला जाऊन बसला? इथले त्यांचे आमदार 2019 मध्ये 10 भाजपमध्ये गेले, 2022 मध्ये 8 गेले, तेसुद्धा देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घेऊन. त्यांच्या भरवशावर नदी सोडायची?

ताळगावकर

काँग्रेसची बाजू मी कुठे घेतली? मी ‘कोणत्याही पक्षाचे’ असं लिहिलंय. आमदारांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते मुकाट्याने मान्य करतो. पण ते उड्या मारून ज्यांच्याकडे गेले, त्यांनी दारं उघडी ठेवली होती म्हणूनच गेले ना!

सडा-वास्को

दबदब्याचं बोलता म्हणून लिहिते. जुलै 2023 मध्ये जी-20 चे ऊर्जामंत्री गोव्यात जमले आणि जीवाश्म इंधन कमी करण्यावर एकमत न होताच परत गेले. ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने 2070 चं नेट झीरो (निव्वळ शून्य उत्सर्जन) जाहीर करून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. त्याच दिवसांत मुरगाव बंदरात कोळसा उतरत होता. आमच्याकडे सकाळी पुसलेली खिडकीची चौकट संध्याकाळी बोटाने रेघ ओढता येईल इतकी काळी होते. सासूबाईंचा दमा आहे, कपडे घरातच दोरीवर वाळवते.

हा कोळसा नेणाऱ्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्ध चांदरला नोव्हेंबर 2020 मध्ये लोक रात्रभर रेल्वेरुळांवर बसले. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. हे काम लोकांनी आणि न्यायालयाने केलं. तेव्हाही दिल्लीत आणि पणजीत एकच पक्ष होता.

म्हापशेकर

बाय, तुमचा त्रास खरा आहे, त्यावर वाद नाही. पण देशाची निम्म्याहून जास्त स्थापित वीजक्षमता आज बिगर-जीवाश्म आहे, हे लक्ष्य 2030 चं होतं आणि पाच वर्षं आधी गाठलं. आपले श्रीपादभाऊ नाईक केंद्रात ऊर्जा खात्याचे राज्यमंत्री आहेत. पोलादाला कोळसा लागतो, तो कुठल्यातरी बंदरात उतरणारच.

सडा-वास्को

‘कुठल्यातरी’ म्हणजे आमच्याच. म्हापशात बसून हे लिहिणं सोपं आहे.

ठाणे-सत्तरी

सगळे म्हादई म्हादई करता, म्हादई ज्यांच्या दारातून वाहते त्यांना विचारलं का कुणी? उद्या ताळगावकर लिहितील की व्याघ्र प्रकल्प करा म्हणजे कर्नाटकाचा कालवा अडेल. पणजीतल्या प्रत्येक सभेत हेच ऐकतो.

1999 मध्ये म्हादई अभयारण्य जाहीर झालं तेव्हा गोव्यात राष्ट्रपती राजवट होती. निवडून आलेलं सरकार नाही आणि राज्यपालांची सही. गावात कुणाला विचारलं नाही. आमच्या आज्याने लावलेली काजूची बागायत त्या रेषेच्या आत गेली. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजही आमचं नाव नाही. मार्चमध्ये बोंडू गोळा करतो, भट्टी लावतो, पण कर्ज काढायला गेलो की कागद नाही म्हणून परत पाठवतात. गवे येऊन कलमं मोडतात त्याची भरपाई मागायला गेलो, तर साहेब विचारतात जमीन कुणाच्या नावावर. आता यावर वाघाचा शिक्का मारला की आम्ही जायचं कुठे?

गोळावलीत जानेवारी 2020 मध्ये चार वाघ मेले. वाईट झालं, मीही तेच म्हणेन. पण तेव्हा गाड्या भरून माणसं आली. गुरं मरत होती तेव्हा एकही आला नव्हता.

ताळगावकर

होय, लिहिणारच होतो, आणि आता लिहितोच. वन्यजीव कायद्याच्या कलम 29 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय अभयारण्यात येणारं किंवा बाहेर जाणारं पाणी वळवता येत नाही. गोव्याची नोटीस त्याच कलमावर होती. व्याघ्र प्रकल्प झाला तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण मध्ये येतं आणि कर्नाटकाची वाट आणखी अवघड होते. उच्च न्यायालयाने जुलै 2023 मध्ये तीन महिन्यांत अधिसूचना काढा म्हणून सांगितलं. त्याच निकालात वनवासींचे हक्क बारा महिन्यांत निकाली काढायला सांगितलंय. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे तुमचे हक्क ठरवण्याचं कामही सरकारनेच लांबवलं.

ठाणे-सत्तरी

बारा महिने म्हणे! वनहक्क कायदा 2006 चा आहे. आमच्या वाड्यावरचे अर्ज अजून फायलीत पडून आहेत. अधिसूचना तीन महिन्यांत आणि हक्क बारा महिन्यांत, हा क्रमच मला मान्य नाही. आधी हक्क द्या.

डिचोली ट्रक

सत्तरीकर दादा, तुमची बागायत तरी आहे. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि 2018 मध्ये 88 लिजेस रद्द झाल्या तेव्हा आमच्या ट्रकांचे हप्ते कुणी भरले? माझ्या भावाने दोन्ही ट्रक भंगाराच्या भावात विकले. पणजीतून मेणबत्त्या घेऊन कुणी आलं नाही. पर्यावरण म्हटलं की मला फक्त ते टायर काढलेले ट्रक दिसतात.

सडा-वास्को

आणि न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाने बेकायदा खाणकामावर लिहिलं त्याचं काय? शेतात वाहून आलेल्या मातीचं काय?

डिचोली ट्रक

बेकायदा काम ट्रकवाल्याने केलं नव्हतं. ज्यांनी केलं त्यांची एक वीटसुद्धा हललेली नाही.

खानापूरकर

गोवेकर मंडळी, तुम्ही ‘कर्नाटक पाणी पळवतं’ म्हणता तेव्हा आम्हालाही त्यात धरता. कणकुंबी आमच्या तालुक्यात आहे आणि गाव मराठी आहे. माउलीच्या देवळाच्या परिसरात खणलेला कालवा आणि मातीचे ढीग एकदा येऊन बघा. मलप्रभा त्याच गावात उगम पावते आणि पूर्वेला जाते, कळसा पश्चिमेला. आमच्या जंगलातलं पाणी हुबळी-धारवाडला जाणार, आणि खानापूरच्या वाड्यांवर एप्रिलमध्ये बाया घागरी घेऊन विहिरीवर रांगेत. आम्ही विरोध केला तर बंगळुरूला आम्ही राज्यद्रोही. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडलाय, तेव्हा दिल्लीतल्या पक्षांबद्दल आम्हाला काही शिकवू नका. गोव्याला चोर्ल्यातून आमची भाजी रोज लागते, आमचा आवाज मात्र नको.

म्हापशेकर

सीमाप्रश्न इथे आणू नका, विषय पार भरकटला.

खानापूरकर

नदी सीमेवरूनच येते, साहेब. नकाशा उघडा.

दिवाडीकर

मूळ मुद्द्याकडे येतो. सिंधू करार 1960 चा. मधे युद्धं झाली तरी एप्रिल 2025 मध्ये स्थगित करेपर्यंत तो चालला. बांगलादेशबरोबरचा गंगा करार 1996 चा, तीस वर्षांचा, त्याची मुदत 2026 च्या डिसेंबरपर्यंत. तिस्ता नदीचा करार मात्र 2011 मध्ये अडला. पंतप्रधान ढाक्याला निघाले होते आणि ममता बॅनर्जींनी नकार दिला. त्या तेव्हा केंद्रातल्या सरकारात भागीदार होत्या, तरी नाही म्हणाल्या. त्या बरोबर होत्या की चूक, तो वेगळा विषय. पण मित्रपक्ष दिल्लीला ‘नाही’ म्हणू शकतो. आमच्याकडे मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) आज भाजपबरोबर सत्तेत आहे. म्हादईवर सत्ता सोडायची भाषा त्यांनी एकदा तरी करावी. आमच्या बेटावर मे महिन्यात खाजन शेतीच्या मानशीपाशी (बांधातल्या दारापाशी) मांडवीचं, म्हणजे म्हादईचंच, पाणी जिभेला लावून बघा, वरून गोडं पाणी कमी आलं की खारं किती आत सरकतं ते कळेल.

म्हापशेकर

बंगालच्या 42 जागा आहेत. आपण 2 जागांवर धमकी दिली तर दिल्ली ऐकणार नाही, म्हणूनच आतून काम करावं लागतं. माझं म्हणणं तेच होतं आणि आहे. 2019 चं पत्र चूक होतं, एवढं लिहून ठेवा माझ्या नावावर. पण ते स्थगित झालं ते आपल्या माणसांनी आत जाऊन सांगितलं म्हणून.

ताळगावकर

आत जाऊन सांगायची वेळ आली कारण बाहेर लोक ओरडले. आणि तरी तीन वर्षांनी अहवाल मंजूर झालाच.

सत्तरीकर, तुमच्याशी भांडण नाही. तुमच्या ग्रामसभेत म्हादईचा ठराव आणायचा असेल तर मसुदा करायला मी येतो.

ठाणे-सत्तरी

या. पण पहिली ओळ जमिनीची असेल: वनहक्काचे अर्ज निकाली निघेपर्यंत कसलीही नवी रेषा ओढायची नाही. दुसरी ओळ कळसा प्रकल्पाची. वाघ तिसऱ्या ओळीत, आणि तोही लोकांचं मत घेऊन.

ताळगावकर

पहिली आणि दुसरी मान्य. तिसरीवर गावातच भांडू.

म्हापशेकर

आणि ठराव घेऊन शेवटी जाणार कुठे? दिल्लीलाच ना!

ठाणे-सत्तरी

सर्वोच्च न्यायालयात. गोव्याचा दावा तिथेच आहे. पक्षाच्या कार्यालयात नाही.