मदत हवी आहे: लिफ्ट आमची, पासवर्ड कंपनीचा. कंट्रोलर लॉकमधून सुटका कशी करायची? (ठाणे)

मानपाडा_सेक्रेटरी:

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ आमची चौदा मजल्यांची एकाच विंगची सोसायटी आहे. बिल्डरने बसवलेल्या दोन लिफ्ट, दोन्ही एकाच मोठ्या कंपनीच्या. नाव मुद्दाम देत नाही. पत्रव्यवहार अजून चालू आहे, शिवाय नाव दिलं की धागा "त्यांची सर्व्हिस चांगली की यांची" यावर घसरतो.

यंदा एएमसी (वार्षिक देखभाल करार) नूतनीकरणाचं पत्र आलं त्यात रक्कम जवळपास दीडपट. कारण विचारलं तर "रिव्हाइज्ड रेट". कमिटीने बाहेरची कोटेशनं मागवली. वागळे इस्टेटमधला एक सरकारमान्य लिफ्ट कंत्राटदार येऊन मशीन रूम बघून गेला. दोर, ब्रेक, दरवाजांची कुलपं, गव्हर्नर (जादा वेग ओळखणारा भाग) सगळं तपासलं, भाव निम्म्याच्या आसपास दिला. मग कंट्रोलरचं, म्हणजे लिफ्ट चालवणाऱ्या संगणकाचं, कपाट उघडलं आणि म्हणाला, "साहेब, मेकॅनिकल सगळं करतो. पण हा डबा अडला तर माझे हात वर."

भानगड अशी आहे. बिघाड झाला की कंट्रोलरवर नुसता एक आकडा येतो. त्या आकड्याचा अर्थ सोसायटीला दिलेल्या पुस्तिकेत नाही. अर्थ कळायला आणि पुढे काही करायला कंपनीचं हातात धरायचं सर्व्हिस टूल लागतं. ते बाजारात विकत मिळत नाही. ते कंपनीच्या माणसाच्या लॉगिनवर चालतं आणि ठरावीक मुदतीनंतर कंपनीकडूनच पुन्हा चालू करून घ्यावं लागतं. उद्या ब्रेकचं लायनिंग बदललं आणि लिफ्ट मजल्याच्या इंचभर खाली थांबायला लागली, तर ती पातळी जुळवायची सेटिंगसुद्धा त्या पासवर्डच्या आत.

वाटाघाटी चालू असताना जुनी एएमसी संपली आणि नेमकी एक लिफ्ट बंद पडली. वरच्या मजल्यांवर गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली मंडळी आहेत, एक लिफ्ट सगळ्यांना पुरत नाही. कंपनीचा माणूस कॉल चार्ज घेऊन आला, टूल लावलं, पाचेक मिनिटांत लिफ्ट चालू. एकही सुटा भाग बदलला नाही. काय केलंत विचारलं तर "रिसेट मारला". पावतीवरही तेवढंच. बरा मुलगा होता हो, पण त्यालाही जास्त बोलायची मुभा नसावी.

मी ईमेलवर टूल किंवा पासवर्ड मागितला. उत्तर आलं की सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही, अनधिकृत माणसाने सेटिंग बदललं तर अपघात होईल. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, लिफ्ट म्हणजे काही मिक्सर नव्हे. पण ज्याला दोर आणि ब्रेक हाताळायची परवानगी सरकार देतं, तो एरर कोड वाचायला मात्र अनधिकृत कसा? आणि दीडपट एएमसी भरली की हीच सुरक्षेची काळजी कुठे जाते?

तर प्रश्न. कंपनीला टूल द्यायला कायद्याने भाग पाडता येतं का? की भांडत न बसता कंट्रोलरच बदलावा? बदललाच तर नवा घेताना पुन्हा याच खड्ड्यात पडू नये म्हणून काय लिहून घ्यायचं? एजीएम तोंडावर आहे आणि सिंकिंग फंडाला हात लावायचा म्हटलं की आमच्याकडे रामायण होतं.

तिरका_स्क्रू (कळवा):

लिफ्ट लाइनमध्ये केस पांढरे झालेत, म्हणून थोडं सविस्तर.

आधी मनातली भीती काढा. गाडी, म्हणजे लिफ्टची केबिन, ठरल्यापेक्षा जोरात खाली आली तर ओव्हरस्पीड गव्हर्नर आणि सेफ्टी गिअर तिला रेलवर आवळून धरतात. हे मेकॅनिकल काम आहे, त्याला पासवर्ड लागत नाही. लॉकच्या आत असतात ती सेटिंग्ज, एररची नोंद आणि काही मॉडेलमध्ये "सर्व्हिस बाकी" दाखवणारा काउंटर. यातली वेग आणि लेव्हलिंगची (मजल्याशी पातळी जुळवायची) सेटिंग्ज बंद ठेवण्यात अर्थ आहे, कोणीही बोटं घालू नयेत. एररचा अर्थ लपवण्यात सुरक्षेचा काही संबंध नाही. तो धंदा आहे.

आता महत्त्वाचं. बाजारात कुणीतरी भेटेल, "डुप्लिकेट टूल आहे, सगळं उघडून देतो" म्हणणारा. त्याला मशीन रूमच्या दाराशीही फिरकू देऊ नका. दरवाजाच्या कुलपाचा फॉल्ट शोधायच्या ऐवजी बायपास करून ठेवणारे मी पाहिलेत. दार उघडं आणि गाडी चालू, याहून वाईट काही नाही.

कंट्रोलर बदलायचा तर रेल, काउंटरवेट (केबिनचा तोल सांभाळणारं वजन), केबिन, बहुतेक वेळा मोटरही तीच राहते. पण कोटेशन वाचताना दोन गोष्टी बघा. एक, मजल्यावरची बटणं आणि केबिनमधलं पॅनेल जुन्या कंट्रोलरशी कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलत असतील तर तीही बदलावी लागतात, चौदा मजल्यांना तो खर्च बारीक नाही. दोन, तुमची मोटर गिअरलेस (मधे गिअरबॉक्स नसलेली) असेल तर नवा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) तिच्याशी आणि तिच्या एन्कोडरशी (फिरणं मोजणारा सेन्सर) जुळतो का ते लेखी घ्या. "बसेल हो" असं तोंडी सांगणाऱ्याला काम देऊ नका.

वर्क ऑर्डरमध्ये टाका: सर्व पातळ्यांचे पासवर्ड, सेटिंग्जचा छापील तक्ता, वायरिंगचं ड्रॉइंग, एरर कोडची पूर्ण यादी आणि टूल लागत असेल तर एक टूल, मुदत नसलेलं, सोसायटीच्या मालकीचं. हे हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. पासवर्ड पाकिटात सील करून कमिटीकडे ठेवा, नोटीस बोर्डावर नको!

झेरॉक्सवाली_वाशी:

सेक्रेटरी काका, आमच्या दुकानात हेच छोट्या प्रमाणावर रोज चालतं. शाई शिल्लक असते आणि प्रिंटर म्हणतो कार्ट्रिज ओळखता येत नाही, कारण चिप कंपनीची नाही. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी जगभर एकदम बाहेरची कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली. त्यासाठीचं सॉफ्टवेअर आधीच अपडेटमधून आत येऊन बसलं होतं. ओरड झाली तेव्हा कंपनीने माफी मागून तो भाग काढायचा पर्याय दिला. सांगायचा मुद्दा हा की तुमच्या कंट्रोलरला नेटचं कनेक्शन किंवा सिम आहे का ते बघून घ्या. असेल तर आज उघडं असलेलं उद्या बंद होऊ शकतं.

रुळावरचा_माणूस:

पोलंडची गोष्ट यापुढची आहे. तिथे न्यूअग नावाच्या कंपनीने बनवलेल्या काही रेल्वेगाड्या बाहेरच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त केल्यावर सुरूच होईनात. वर्कशॉपने ड्रॅगन सेक्टर या हॅकर गटातल्या तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं की गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पर्धक वर्कशॉपांचे जीपीएस पत्ते सापडले, गाडी तिथे जास्त काळ उभी राहिली की लॉक. कंपनीने आरोप फेटाळले आणि उलट या मंडळींनाच कोर्टात खेचलं. म्हणून म्हणतो, उघडून बघणाऱ्याचीही बाजू कागदोपत्री भक्कम हवी.

लिफ्टवाल्यांचा इतिहासही सोवळा नाही. बेल्जियम, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्समध्ये बसवण्याची आणि देखभालीची कामं आपसांत वाटून घेतली म्हणून युरोपियन कमिशनने २००७ मध्ये बड्या लिफ्ट कंपन्यांना मिळून ९९ कोटी युरोंहून जास्त दंड केला होता.

हिशेबी_ऐरोली:

वेगळं मत मांडतो, रागावू नका. वाढलेली एएमसी भागिले फ्लॅट भागिले बारा करून बघा. आमच्याकडे तो आकडा इतका किरकोळ निघाला की आम्ही गुपचूप भरली. कंट्रोलर बदलायला लाखांत जातील, काम चालू असताना लिफ्ट बंद, वर नवीन माणसाची जबाबदारी. तत्त्वासाठी एवढं करायचं का?

मानपाडा_सेक्रेटरी:

हिशेबी, तो भागाकार आमच्या खजिनदारांनी पहिल्याच मीटिंगला मांडला. यंदाचा आकडा किरकोळच आहे. अडचण पुढच्या वर्षीच्या आकड्याची आहे. आपण दुसरीकडे जाऊ शकत नाही हे समोरच्याला पक्कं ठाऊक असेल तर भाव कुठे थांबणार?

स्क्रू साहेब, मनापासून आभार. तुमचा वर्क ऑर्डरचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवून घेतलाय.

काळा_कोट_खारघर:

कायद्याची बाजू. हा सल्ला म्हणून नव्हे, माहिती म्हणून घ्या. कागद पाहिल्याशिवाय वकिलाने छातीठोकपणे बोलू नये.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये "व्यक्ती"च्या व्याख्येत सहकारी संस्था येते, त्यामुळे सोसायटी स्वतः तक्रार करू शकते. तीही ठाण्यातच, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. मुदत दोन वर्षं. त्याच कायद्यात प्रतिबंधक व्यापार प्रथा आहे: एक वस्तू किंवा सेवा हवी तर दुसरीही आमच्याकडूनच घ्या अशी अट. "लिफ्ट बिल्डरने विकत घेतली, तुम्ही नाही" हा त्यांचा पहिला बचाव असेल. म्हणून तक्रार एएमसीच्या सेवेवर उभी करा, त्याचे पैसे सोसायटीने स्वतः भरलेत.

याच धाटणीचं मोठं प्रकरण गाड्यांचं. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड केला, कारण सुटे भाग आणि तपासणीची टूल्स बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नव्हती. पुढे अपिलं झाली, पण तुमच्या पत्रात उल्लेख करायला ते उपयोगी आहे. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. लिफ्ट त्यात नाही, तिथे वेळ घालवू नका. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करा, लेखी माग राहतो. आणि बिल्डरकडून लिफ्टच्या मूळ खरेदीची कागदपत्रं मिळवा. सगळं त्यावर आहे.

मानपाडा_सेक्रेटरी:

अपडेट. बिल्डरच्या ऑफिसातून फाइल मिळाली. मूळ ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत आहे की कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचं राहील आणि सर्व्हिस टूल पुरवठ्यात समाविष्ट नाही. खाली बिल्डरची सही. आम्ही कुणी तेव्हा चित्रातही नव्हतो.

काळा_कोट_खारघर:

या कलमामुळे टूल मागणं अवघड झालं, हे स्पष्ट सांगतो. कलमच अन्याय्य करार म्हणून रद्द करून घ्यायचं तर ते जिल्हा ग्राहक आयोगाच्या हातात नाही, राज्य ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. वेळ आणि पैसा दोन्ही लागेल. पण एरर कोडचा अर्थ आणि केलेल्या कामाचा तपशील हे सॉफ्टवेअर नव्हे. "रिसेट मारला" एवढ्यावर पैसे घेतले, तर काय बिघडलं होतं आणि काय केलं हे लेखी मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. भाव कमी करायलाही हे पत्र कामी येतं.

मानपाडा_सेक्रेटरी:

समजलं. कमिटीत ठरलं ते असं: यंदापुरती एएमसी त्यांच्याकडेच, पण दर कॉलचा लेखी तपशील मिळेल आणि दरवाढीला मर्यादा राहील ही कलमं घालून. एजीएममध्ये एका लिफ्टचा कंट्रोलर बदलायचा ठराव मांडतोय. दुसरीचं ती वर्षभर कशी चालते ते बघून. राज्य आयोगाचा विषय सध्या बाजूला.

आता एकच मदत हवी. ठाणे, कळवा, ऐरोली या पट्ट्यात कुणी लोक राहत असलेल्या इमारतीत गिअरलेस मोटर तशीच ठेवून उघडा (कंपनीच्या लॉकशिवायचा) कंट्रोलर बसवून घेतला असेल तर प्रत्यक्ष बघायला येऊ इच्छितो. खजिनदारांनाही घेऊन येईन. व्यक्तिगत निरोपात कळवा, शनिवार-रविवार कधीही चालेल.