बाळाच्या नावात आईचं नाव कुठे लिहायचं? आणि सगळं पासपोर्टवर मावेल का?

नवखीआई
मुलगी झाली आहे. हॉस्पिटलमधून जन्मनोंद नावाशिवाय गेली, बारसं पुढच्या आठवड्यात. नाव अनन्या ठरलंय. सासूबाई म्हणतात मधे फक्त वडिलांचं नाव लावा, कारण थोरल्याचं (जन्म २०२१) तसंच आहे. नणंद म्हणते वेगळं मधलं नाव ठेवा, 'अनन्या मीरा'. मला माझंही नाव हवंय. उदाहरणापुरतं मी वैशाली, नवरा चंद्रशेखर, आडनाव कुलकर्णी धरा. नेमकं काय लिहून देऊ?

रकानेभरू
सासूबाईंना सांगा, यात घरच्यांनी ठरवण्यासारखं फार उरलेलं नाही. १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने क्रम ठरवून दिला आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणजे अनन्या वैशाली चंद्रशेखर कुलकर्णी. थोरल्याला हा नियम लागू नाही, त्याचं नाव बदलायला जाऊ नका. भावंडांची नावं वेगळ्या धाटणीची असली तरी नातं आई-वडिलांच्या स्वतंत्र रकान्यांवरून कळतं. ते मात्र दोघांच्या कागदांवर अक्षरशः सारखे हवेत.

नाव घालायची घाई नाही. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांत नाव घालायला शुल्क नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. पण अर्जात नुसतं 'अनन्या' लिहून देऊ नका, आडनावासकट पूर्ण नाव द्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदारयादी, वाहन परवाना या सगळ्याला जन्मदाखला हाच आधार आहे. दाखल्यावर आडनाव नसेल तर पुढे प्रत्येक खिडकीवर 'आधी दाखला दुरुस्त करून आणा' ऐकावं लागतं.

झेरॉक्स
पासपोर्टचं मी सांगतो. तिथे मधल्या नावाचा रकानाच नाही. दोनच रकाने: आडनाव, आणि उरलेलं सगळं नाव. म्हणून अर्ज भरताना 'अनन्या वैशाली चंद्रशेखर' एका रकान्यात आणि 'कुलकर्णी' दुसऱ्यात. आडनावाचा रकाना कोरा सोडू नका. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाचं सगळं नाव आडनावात जातं आणि नावाच्या जागी 'नाव अज्ञात' अर्थाची तीन अक्षरं छापली जातात.

आता मावण्याचं. फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ जागांच्या. पहिल्या ओळीतल्या ५ जागा कागदाचा प्रकार आणि देशाच्या कोडला, राहिल्या ३९. त्यात आधी आडनाव, मग दोन भरणचिन्हं (रिकामी जागा भरणारं '<' हे चिन्ह), मग नावं, आणि प्रत्येक दोन नावांमध्ये एक चिन्ह. तुमचं इंग्रजी स्पेलिंगने मोजलं: कुलकर्णी ८, चिन्हं २, अनन्या ६, चिन्ह १, वैशाली ८, चिन्ह १, चंद्रशेखर १४. बेरीज ४०. एक अक्षर कापलं जाईल! घाबरण्यासारखं नाही, वर छापलेलं नाव पूर्ण राहतं. तिकीट त्या वरच्या नावानेच काढा. तिकिटावर सगळी नावं मधली जागा न सोडता चिकटून येतात, तेही चालतं.

काना_मात्रा
४० चे ३९ करायला चंद्रशेखरच्या स्पेलिंगमधलं एखादं अक्षर गाळायचा मोह होईल. तो आवरा. वडिलांचं स्पेलिंग त्यांच्या आधारवर आहे तेच हवं.

खरी गडबड होते ती इथे. अर्ज देण्याआधी दोघांचे आधार, पॅन आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी ठेवून बघा. 'ज्ञानेश्वर'ची तर तीन-चार स्पेलिंगं सर्रास सापडतात. व ला डब्ल्यू की व्ही, ई एकेरी की दुहेरी, एका कागदावर 'चंद्रशेखरराव' आणि दुसऱ्यावर नुसतं 'चंद्रशेखर'. फरक असेल तर आधी मोठ्यांचे कागद सारखे करा, मग बाळाचं लिहा. आद्याक्षर कुठेच नको. पासपोर्टच्या अर्जात नावं विस्तारूनच लिहावी लागतात.

दाखला छापण्याआधी टंकलेला मसुदा मागून बाळाचं, आईचं, वडिलांचं नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत वाचा. नंतरची दुरुस्ती मूळ नोंद खोडून होत नाही, समासात वेगळी नोंद करतात, आणि त्यासाठी पुरावे जोडावे लागतात.

नवखीआई
आणि 'मीरा'चं काय?

रकानेभरू
आपल्याकडे तीन शब्दी नावातला मधला शब्द वडिलांचं नाव म्हणूनच वाचला जातो. 'अनन्या मीरा' लिहिलंत तर कुणीतरी मीराला आई समजून रकाना भरेल, शिवाय नाव पाच शब्दांचं होईल. अगदी हवंच असेल तर जागा न सोडता 'अनन्यामीरा' एक शब्द करा. नाहीतर मीरा पाळण्यातलं नाव राहू द्या, नावरसाचं (जन्मनक्षत्राच्या अक्षरावरून ठेवलेलं) राहतं तसं. कागदावर यायलाच हवं असं काही नाही.

झेरॉक्स
अनन्यामीरा केलंत तर ४० चे ४४ होतील, आणि मीराच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ई घातलेत तर ४५, एवढं धरून चाला.