कासिरर खटला: भरपाई घेतली, मग चित्र कशाला?

सदाशिवपंत: नात्झींनी लुबाडलेलं चित्रकार पिसारोचं चित्र कासिरर या ज्यू कुटुंबाला माद्रिदच्या थिसेन संग्रहालयाकडून परत हवंय म्हणे! १९५८ साली जर्मन सरकारकडून भरपाईचे १,२०,००० मार्क घेतले, आता चित्रही हवं? दोन्ही डगरींवर पाय! स्पेनने बॅरन थिसेन या संग्राहकाचा अख्खा संग्रह १९९३ मध्ये रीतसर विकत घेतलाय.

नोंदवही: पंत, अर्धवट वाचून ठोकून देऊ नका. १९३९ मध्ये चित्राची मालकीण लिली कासिररला देश सोडायचा परवाना हवा होता. नात्झींच्या व्यापाऱ्याने चित्राचे ९०० राइशमार्क लावले, तेही गोठवलेल्या खात्यात. एक छदाम तिच्या हाती पडला नाही. १९५८ ला चित्र गेलंच असं धरून तडजोड झाली, पण त्यावरचा हक्क तिने सोडला नव्हता. अमेरिकी कोर्टही हेच म्हणतं.

बांधकरी: स्पेनमध्ये हक्क बुडतो हो! सद्हेतू असेल तर तीन वर्षं, नसला तरी सहा वर्षं उघड ताबा, की जंगम वस्तूची मालकी पक्की. १९९३ अधिक सहा म्हणजे १९९९. नातू क्लॉडला चित्राचा पत्ता लागला २००० मध्ये! आपल्याकडे नाही का, बारा वर्षं बांध कोरून बसला की जमीन त्याची. या प्रतिकूल कब्जाने गावोगावच्या भावक्या...

नोंदवही: तुमचा बांध इथे नको. आपल्या मुदत कायद्यातही चोरीच्या जंगम वस्तूची तीन वर्षं मोजतात ती वस्तू कुणाकडे आहे हे मालकाला कळल्यापासून.

बांधकरी: ज्याचा बांध जातो त्यालाच कळतं!

चौकट: मुद्दा चित्राच्या पाठीवर आहे. बर्लिनच्या कासिरर गॅलरीच्या चिठ्ठीचा फाटका तुकडा तिथे चिकटलेला, बाकी चिठ्ठ्या मुद्दाम काढलेल्या. चित्र घेणारा आधी ते पालथं करून बघतो. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या गॅलरीतून घेताना बॅरन थिसेनला हे दिसलं नाही?

सदाशिवपंत: बॅरनचं पाप संग्रहालयाच्या माथी का?

चौकट: २०१९ मध्ये कोर्टही तेच म्हणालं. बॅरनवर ताशेरे, संग्रहालय मात्र सुटलं. संशयाच्या खुणा असणं वेगळं, चोरी ठाऊक असणं वेगळं. नात्झींनी लुटलेल्या कलाकृतींबाबतच्या आंतरराष्ट्रीय वॉशिंग्टन तत्त्वांवर स्पेनने १९९८ मध्ये मान डोलावली, पण ती बंधनकारक नाहीत ना!

सदाशिवपंत: बरं बाबा, तुम्हीच शहाणे. मग २००५ पासून हे लोक हरतात कशाला?

नोंदवही: कारण भांडण कुठला कायदा लावायचा याचं आहे. क्लॉड राहायचा त्या कॅलिफोर्नियात चोराकडून आलेल्या वस्तूची मालकी कुणालाच मिळत नाही. अशा लुटीला तिथलाच कायदा लागेल, असं तिथल्या विधिमंडळाने २०२४ मध्ये ठरवलं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संग्रहालयाच्या बाजूचा निकाल रद्द करून खटला फेरविचाराला धाडला. तुमचं ते ‘रीतसर’ तेवढं मागे घ्या.

सदाशिवपंत: अर्धं घेतलं. बॅरनपुरतं.