मदत हवी आहे: 'इन्स्टॉलर' फोल्डरमधल्या जुन्या एमएसपी फाइल्स (प्रोग्रामच्या पॅच, म्हणजे दुरुस्ती-अपडेटच्या फाइल्स) कधी उडवाव्यात?

विंडोज १०, १२० जीबी एसएसडी, सी ड्राइव्हवर जेमतेम ४ जीबी शिल्लक होते. सिस्टिम फाइल्ससकट डिस्क क्लीनअप झालं, 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' देऊन हायबरफिल (हायबरनेशनची मोठी फाइल) घालवली, डिझम या विंडोजच्याच टूलचं स्टार्टकंपोनंटक्लीनअपही (जुन्या अपडेट्सची सफाई) चालवलं. विनएसएक्सएस या विंडोजच्या घटक-फाइल्सच्या फोल्डरला हात लावणार नाही. हार्डलिंकमुळे (एकच फाइल अनेक ठिकाणी मोजली जाते) ते तसंही आहे त्याहून फुगलेलं दिसतं.

उरलं विंडोजमधलं लपवलेलं 'इन्स्टॉलर' फोल्डर, २३ जीबी! फाइल्सची नावं नुसते आकडे-अक्षरं, त्यावरून पत्ता लागत नाही. प्रॉपर्टीजच्या डिटेल्समध्ये 'सब्जेक्ट' पाहिला तर बऱ्याचशा ऑफिसच्या आणि एका पीडीएफ प्रोग्रामच्या पॅच फाइल्स. सरसकट काढल्या की पुढे अपडेट, रिपेअर किंवा अनइन्स्टॉल मूळ फाइल मागत अडकतं, म्हणून डिलीट केलेलं नाही. पॅचक्लीनर या टूलने १४ जीबी फाइल्स अनाथ (आता कुठल्याच प्रोग्रामला न लागणाऱ्या) ठरवल्या, त्या फक्त बाहेरच्या डिस्कवर हलवल्यात.

फॉरमॅट नको, मोठी एसएसडी सध्या शक्य नाही. ती बाहेरची डिस्क मात्र आठवड्याभरात रिकामी करून द्यायची आहे.

तर हलवलेल्या फाइल्स कायमच्या उडवण्याआधी नेमकं काय तपासू? दोन्ही प्रोग्राम एकदा रिपेअर करून पाहणं पुरेसं आहे, की त्यांचं पुढचं अपडेट नीट बसेपर्यंत थांबायलाच हवं?